पाऊस कुठे जाऊन बसतो?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी लातूरकडच्या मामांना दर रविवारी फोन करायचो आणि दर रविवारी एकच प्रश्न विचारायचो, "मामा, पाऊस काय म्हणतो?" सोयाबीन फुलोऱ्यात होतं. पहिल्या रविवारी मामा म्हणाले, "येईल." दुसऱ्या रविवारी म्हणाले, "बघू." तिसऱ्या रविवारी मात्र वैतागले. "ढग येतात रे. मुलगी बघायला आल्यासारखे येतात, बसतात, पोहे खातात, 'कळवतो' म्हणतात अन् जातात."

त्या महिन्यात देशभरात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. पण गंमत पुढेच आहे. त्याआधीच्या जुलैत सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस पडला होता, आणि नंतरच्या सप्टेंबरातही १३ टक्के जास्तच पडला. सूर्य तोच, अरबी समुद्र तिथेच, त्यातलं पाणी काही आटलेलं नव्हतं. मग मधले चार आठवडे पाऊस गेला कुठे?

आपल्याकडे या गायब होण्याला शब्दांची टंचाई नाही. पावसाने ओढ दिली, दडी मारली, खंड पडला, उघडीप झाली. नक्षत्रांच्या हिशेबात तर पुनर्वसूचा तरणा पाऊस वेगळा आणि पुष्याचा म्हातारा पाऊस वेगळा. पाऊस चार महिने सलग पडत नाही, तो हप्त्याहप्त्याने येतो, हे शेतकऱ्याला कुणी सांगावं लागत नाही. या हप्त्यांना काही ठेका आहे का, एवढंच विचारायचं राहिलं होतं. ठेका आहे. आणि तो कशाने पडतो हे समजून घ्यायचं तर सुरुवात स्वयंपाकघरातून केलेली बरी.

उकडीचे मोदक झाले की नाही हे बघायला घाईने झाकण उचललेल्या प्रत्येकाला वाफेचा चटका माहीत असतो. ओव्हनमधली हवा दोनशे अंशांवर असली तरी त्यात क्षणभर हात घालून ट्रे ओढता येतो. मोदकपात्रातली वाफ जेमतेम शंभर अंशांची, पण ती बोट सोलून काढते. कारण वाफ बोटाला लागली की तिचं पाणी होतं, आणि पाणी होताना तिच्या पोटात दडलेली उष्णता ती तिथल्या तिथे बोटावर ओतते. शाळेत याला अप्रकट उष्मा म्हणायचे. नाव रुक्ष, पण प्रमाण बघा. पातेलंभर साधं पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या साधारण साडेसात-आठ पट उष्णता ते पाणी पूर्ण आटवायला लागते. गॅस आपण तेवढा जाळतो आणि ती सगळी उष्णता वाफेबरोबर खिडकीतून निघून जाते. ती नाहीशी होत नाही. जिथे त्या वाफेचं पुन्हा पाणी होईल, तिथे ती परत मिळते.

आता पातेल्याच्या जागी हिंदी महासागर ठेवा.

समुद्रावर पडलेलं ऊन पाण्याची वाफ करतं, वारा ती वाफ उचलून नेतो, आणि शेकडो किलोमीटर दूर, जमिनीपासून कित्येक किलोमीटर उंचावर तिचे थेंब होतात. समुद्रावरचं ऊन तिथे, ढगाच्या पोटात, सुटं होतं. एक लिटर पाऊस पडला म्हणजे वर आकाशात सुमारे २५ लाख जूल उष्णता मोकळी झाली. विजेच्या भाषेत साधारण ०.७ युनिट. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आपण पुराच्या पाण्यावरून लक्षात ठेवला. त्याच पावसाचा वरचा हिशेब असा की सांताक्रूझच्या प्रत्येक चौरस मीटरवर, म्हणजे दोन पाट मांडता येतील एवढ्या जागेवर, आकाशात ६५० युनिटांहून जास्त ऊर्जा सुटली. महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या घराला ती तीन महिने पुरली असती.

त्याच दिवसाचा दुसरा हिशेब मला याहून चक्रावून टाकतो. डोक्यावर जमिनीपासून आभाळापर्यंत हवेचा एक उभा खांब आहे असं धरा. भर पावसाळ्यात त्यातली सगळी वाफ पिळून खाली आणली, तर किती पाणी निघेल? फार तर सहा-सात सेंटिमीटर. म्हणजे पाण्याने गच्च भरलेलं, काळंकुट्ट आभाळसुद्धा घोट्याच्या वर न जाणारं डबकं आहे. मग ९४ सेंटिमीटर आलं कुठून? आजूबाजूची ओली हवा त्या जागी सतत धावत राहिली म्हणून. त्या एका दिवसात मुंबईवरचा खांब चौदा-पंधरा वेळा रिता होऊन पुन्हा भरला. पाऊस ही साठवण कमी आणि ये-जा जास्त.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, आणि ती युरोप-अमेरिकेच्या पुस्तकांतून हवामान शिकणाऱ्याला चटकन पटत नाही. तिकडचं हवामान थंड आणि उष्ण हवेच्या भांडणावर चालतं. ध्रुवाकडची गार हवा आणि दक्षिणेची ऊबदार हवा यांच्यात पृथ्वीच्या फिरण्यामुळे जणू भिंत उभी राहते, आणि त्या भिंतीवर वादळं घडतात. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा तो पीळ इतका ढिला असतो की भिंत उभीच राहत नाही. एका ठिकाणची हवा तापली तर त्याची लाट चहूकडे पसरते आणि तापमान सपाट होऊन जातं. हौदात बादली ओतली तर पाण्याचा ढीग राहतो का? तसंच. त्यामुळे उष्ण कटिबंधात जमिनीपासून पाच-सहा किलोमीटरवर हजार मैल इकडे-तिकडे गेलात, तरी तापमानात एखाद-दुसऱ्या अंशाचा फरक.

तापमान सगळीकडे सारखं, तर मग एका जागी मुसळधार आणि दुसऱ्या जागी निळं आभाळ का? उरतो तो फरक फक्त ओलाव्याचा. आपल्याकडच्या हवामानाची सगळी कथा मला या एका वाक्यात सापडते.

शास्त्रज्ञ हवेच्या ऊर्जेची वही ठेवतात, आणि तिच्यात तीन खाती असतात. हवा किती तापलेली आहे ते पहिलं, ती किती उंचावर आहे ते दुसरं, तिच्यात किती वाफ आहे ते तिसरं. या तिन्हींच्या बेरजेला ते 'मॉइस्ट स्टॅटिक एनर्जी' म्हणतात. मराठीत मी तिला हवेची एकूण ठेव म्हणेन. वाफेचं पाणी झालं की तिसऱ्या खात्यातले पैसे पहिल्या खात्यात जातात, तापलेली हवा वर चढली की पहिल्यातले दुसऱ्यात. बेरीज तीच. आणि वाफेच्या खात्याचं वजन केवढं, तर किलोभर हवेत एक ग्रॅम वाफ वाढणं हे ती हवा अडीच अंशांनी तापवण्याइतकं आहे. तापमानाचं खातं सगळीकडे सारखं असल्याने, कुठे ठेव जास्त आणि कुठे कमी हे वाफच ठरवते.

ठेव जमते हळूहळू. त्यासाठी मेलेल्या ढगांचे आभार मानावे लागतात. उघडिपीच्या दिवसांत दुपारी गच्चीवर जाऊन दख्खनच्या आभाळाकडे बघा. खालून सपाट, वरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग उगवतात, वाढू बघतात आणि संध्याकाळच्या आत विरून जातात. वरची हवा कोरडी असते. चढणारा ढग बाजूची हवा ओढून घेतो, त्या कोरड्या हवेत त्याचे थेंब वाळतात, थेंब वाळले की ढग गार पडतो, जड होतो आणि तिथेच संपतो. मामांकडे पोहे खाऊन जाणारे ते हेच. पण प्रत्येक मेलेला ढग आपलं पाणी वाफेच्या रूपाने त्या उंचीवर ठेवून जातो. पुढच्याला थोडी कमी कोरडी हवा मिळते, तो थोडा वर जातो. उबदार समुद्रावर हे दिवसेंदिवस चाललं की हवेचा खांब वरपर्यंत ओला होत जातो. मग त्या खांबात मावेल तेवढ्या वाफेच्या साधारण तीन चतुर्थांश वाफ साठली की पाऊस एकदम सुटतो. तोवर जवळजवळ काही नाही, आणि मग धो धो. रांजण काठोकाठ भरल्यावर पाणी ओघळावं तसं. शिवाय दाट ढगांचं छत एकदा पसरलं की ते गोधडीसारखं काम करतं. एरवी रात्रंदिवस आकाशात निघून जाणारी उष्णता ते धरून ठेवतं, ठेव लवकर संपू देत नाही. म्हणूनच झड एकदा लागली की आठवडाभर हलत नाही.

या ठेवीच्या भरती-ओहोटीचा ठेका पहिल्यांदा ठळकपणे दिसला तो अशा जागी, जिथे आपल्यापैकी कुणीही जाणार नाही. प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या जेमतेम तीन अंश दक्षिणेला कँटन नावाचं एक चिमुकलं प्रवाळबेट आहे. आता ते किरिबाती देशात येतं. तिथून वर्षानुवर्षं हवामानाचे फुगे सोडले जात. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरच्या संशोधन केंद्रातले रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन हे त्या बेटावरच्या सुमारे दहा वर्षांच्या नोंदी चाळत होते. शोधत होते वेगळंच, काही दिवसांच्या लहान लाटा. हाती लागला चाळीस ते पन्नास दिवसांचा ठेका. खालचा वारा पूर्वेचा झाला की वरचा पश्चिमेचा, आणि काही आठवड्यांनी नेमकं उलट. पुढच्याच वर्षी त्यांनी इतर ठिकाणांच्या नोंदी जोडून दाखवलं की हे त्या बेटाचं खूळ नाही, ते पृथ्वीला वळसा घालणारं प्रकरण आहे. आज त्याला मॅडन-ज्युलियन दोलन म्हणतात. (चिनी हवामानशास्त्रज्ञांनी असाच ठेका १९६३ मध्ये छापला होता. पण चिनी भाषेतल्या नियतकालिकात. बाकी जगाला त्याचा नीट पत्ता लागायला २०१८ उजाडलं. मराठीत लिहिणाऱ्याने यावर जास्त न बोललेलं बरं.)

हे दोलन दिसतं कसं? हिंदी महासागरावर हजारो किलोमीटर लांबीचा ढगांचा जमाव तयार होतो आणि पूर्वेकडे निघतो. वेग सेकंदाला पाच मीटर, म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. एखादा माणूस सायकलवर फारशी घाई न करता जाईल, तेवढा. वाटेत सुमात्रा, बोर्निओची डोंगराळ बेटं लागतात. त्यांची स्वतःची रोजची दुपारची वादळं असतात, आणि अनेक दोलनं तिथेच अडखळून विरतात. जी तरतात ती पश्चिम प्रशांतापर्यंत पाऊस पाडत जातात. पुढे समुद्र गार होतो, ढग संपतात, पण वाऱ्याचा धक्का तसाच पुढे धावत राहतो.

हा सायकलचा वेग हीच मोठी अडचण ठरली. जपानच्या तारो मात्सुनो यांनी १९६६ मध्ये विषुववृत्ताजवळच्या लाटांचं गणित मांडलं होतं. त्या यादीत पूर्वेकडे जाणाऱ्या लाटा आहेत, पण त्या मोटारीच्या वेगाने पळतात. सायकलवाला त्यात नाहीच. कोरड्या हवेचं गणित कितीही घोटलं तरी तो निघत नाही. गेल्या वीसेक वर्षांत बऱ्याच संशोधकांना पटलेलं उत्तर असं, की ही मुळात हवेची लाट नसून ओलाव्याची लाट आहे, आणि ती ओलावा भरण्याच्या वेगानेच सरकणार. ढगांच्या जमावाच्या मागे, म्हणजे पश्चिमेला, भोवऱ्यासारखे वारे दूरच्या अंगाची कोरडी हवा विषुववृत्ताकडे खेचून आणतात, तिथला खांब रिता करतात. पुढे, पूर्वेला, जमिनीलगतची ओली हवा गोळा होत असते, खांब भरत असतो. मागे विझायचं, पुढे पेटायचं. वणवा डोंगरावरून सरकतो तसा पाऊस सरकतो, एकच झाड काही पळत जात नाही. या उत्तराला आव्हान देणारी मतंही आहेत, आणि भांडण मिटलेलं नाही. मला ओलाव्याची बाजू पटते, कारण उघडीप का लांबते हेही तिच्यातून समजतं.

२०११ च्या ऑक्टोबरात हा खेळ जवळून बघायला शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात तळच ठोकला. मालदीवच्या दक्षिण टोकाला, अड्डू प्रवाळद्वीपातल्या गान बेटावर रडार उभारले आणि तीन-तीन तासांनी, दिवसातून आठ वेळा फुगे सोडले. (आपल्याकडे एरवी दिवसातून दोनदा सोडतात.) योगायोग असा की त्याच महिन्याच्या १२ तारखेला श्रीहरिकोट्याहून भारत आणि फ्रान्सचा 'मेघा-ट्रॉपिक्स' उपग्रह वर गेला. त्याचं कामच उष्ण कटिबंधातली वाफ आणि ढग मोजणं होतं. त्या ऑक्टोबरात आणि नोव्हेंबरात दोन ठसठशीत दोलनं गानवरच्या शास्त्रज्ञांच्या डोक्यावरून गेली.

आता परत आपल्या गावाकडे. पूर्वेकडची ही वारी जोरात असते ती मुख्यतः आपल्या हिवाळ्यात. पावसाळ्यात मात्र ती वळण घेते आणि उत्तरेकडेही चढू लागते. हे दाखवणाऱ्यांमध्ये दोन नावं आपली आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले देव राज सिक्का, आणि पुण्यातच जन्मलेल्या, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ. दोघांनी १९७३ ते १९७७ या वर्षांतली उपग्रहांची रोजची चित्रं घेतली, आणि ढगांचा सर्वांत दाट पट्टा आज कुठे, उद्या कुठे, याची नोंद करत गेले. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातून जे दिसलं ते आजही नवखं वाटतं. विषुववृत्ताजवळ समुद्रावर ढगांचा एक पट्टा जन्मतो आणि दिवसाला साधारण एक अंश, म्हणजे शंभरेक किलोमीटर, उत्तरेकडे सरकत देशावर येतो. देशावरचा पट्टा काही काळ टिकतो, मग हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन विरतो. तोवर खाली समुद्रावर दुसरा जन्मलेला असतो. दोघांत एक छुपी चढाओढ असते. समुद्रावरचा जोरात असेल तर देशावरचा सुकतो. पट्टा देशावर असतो तेव्हा झड, पायथ्याशी गेला की उघडीप.

यात समुद्रही स्वस्थ बसत नाही. उघडिपीच्या निरभ्र दिवसांत बंगालचा उपसागर उन्हाने तापत जातो. १९८४ मध्ये गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पाण्याचं तापमान साधारण २८ अंशांच्या खाली असेल तर वर मोठे ढग धरत नाहीत. त्यापुढे गेलं की धरू शकतात. म्हणजे आपण घामाने निथळत आभाळाला दूषणं देत असतो, तेव्हा उपसागर पुढच्या हप्त्याचं सरपण गोळा करत असतो. पाऊस आला की ढगांची सावली आणि वादळी वारे तेच पाणी पुन्हा गार करतात.

तर मामांचा पाऊस कुठे गेला होता? २०२३ च्या त्या ऑगस्टात पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसला होता. आपण आभाळाकडे बघत होतो तेव्हा हिमाचलात दरडी कोसळत होत्या, शिमल्यात मंदिरासकट माणसं ढिगाऱ्याखाली गेली. समुद्रावरून नवा पट्टा निघायला उशीर झाला. प्रशांत महासागरात एल निनो आकार घेत होता, आणि आपल्या बाजूला ढग जमवणारा दोलनाचा टप्पा येत नव्हता. मधल्या काळात वाळवंटाकडची कोरडी हवा दख्खनवर येऊन खांब पोकळ करत होती, आणि खाली कितीही उकडलं तरी ढगांना त्यातून वर जाता येत नव्हतं.

ठेका आहे म्हटल्यावर अंदाजही बांधता येतो. रोजचा अंदाज आठवड्याच्या पुढे डळमळतो, पण सायकलवर येणारा पाहुणा दोन-तीन आठवडे आधी दिसू शकतो. पुण्याच्या त्याच संस्थेने घडवलेल्या पद्धतीवर भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. त्यात बघायचा असतो तो कल. या आठवड्यात सरासरीहून कमी, त्यापुढच्यात बरा, असा. दुबार पेरणी करायची की थांबायचं, धरणातून पाणी सोडायचं की राखायचं, या प्रश्नांना तेवढाही कल पुष्कळ असतो.

तेव्हापासून गुरुवारी संध्याकाळी तो नकाशा उघडायची मला खोड लागली आहे. ढगांचा पट्टा दोन-तीन अंशांवर दिसला की मी बोटं मोजतो. लातूर साडेअठरा अंशांवर. दिवसाला एक अंश. पंधरा-सोळा दिवस. हिशेब नेहमी जुळतो असं नाही. वाटेत पट्टा रेंगाळतो, फुटतो, कधी पूर्वेलाच निघून जातो.

त्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रविवार नसतानाही, मामांचा फोन आला. मी हॅलो हॅलो करत राहिलो, पलीकडून नुसता कडकडाट. मामांनी फोन गोठ्याच्या पत्र्याखाली धरला होता. बऱ्याच वेळाने आवाज आला, "ऐकलं का? कळवलं एकदाचं." मग जरा थांबून म्हणाले, "खालच्या शेंगा भरतील. वरच्या पोचटच राहणार."